शनिवार धरला, नवस बोलला, तरी हरलो: आता देवाला दोष देऊ की स्वतःला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 20, कळंब तालुक्यातलं गाव, फ्रीस्टाइल कुस्ती, 65 किलो गट. राज्याच्या निवड चाचणीत उपांत्य लढत. शेवटचे 25 सेकंद उरले तेव्हा हा मुलगा 4-2 ने पुढं होता. मग रेषेबाहेर पाय पडला, एक गुण गेला. आठ सेकंद राहिले असताना एकेरी पट लागला, म्हणजे समोरच्यानं एक पाय धरून पाडलं, दोन गुण गेले. कोपऱ्यातून पंचांच्या निकालाला चॅलेंज टाकलं, तेही फसलं, म्हणून आणखी एक. 4-6. पाच वर्षं शनिवारचा निर्जळी उपास, रोज मारुतीस्तोत्र, आईनं तुळजापूरला बोललेला नवस. मित्र म्हणतात देव-बिव काही नसतं. तालमीतले म्हणतात देवाची मर्जी नव्हती. "खरं काय, आणि परत मॅटवर उतरू का?" असं त्यानं विचारलंय.

लेकरा, तुझं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा देवाचाच भाग डोळ्यांत भरला. दुसऱ्यांदा वाचताना तू जाता जाता लिहिलेल्या ओळीवर थांबलो. "चार किलो जास्त होतं, पाच दिवसांत उतरवलं, शनिवारी उपास होताच, रविवारी सकाळी वजन बरोबर भरलं." तुझं अर्धं उत्तर या ओळीत आहे. पण तू आधी देवाचं विचारलंस, म्हणून तिथूनच सुरू करतो.

एकतीस वर्षं तालीम चालवतोय. पतियाळाला जाऊन एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोर्स केला, त्याच्याही आधी लातूर, बीड, परभणीच्या जत्रांतल्या मातीत लोळलो. हरल्यावर देवावर रुसलेली पोरं किती बघितली त्याची गणती नाही. त्यातला पहिला मीच.

1986 ची आमच्या गावची जत्रा. शेवटची इनामी कुस्ती माझी, समोर सोलापूरकडचा पैलवान. आईनं कपाळाला अंगारा लावलेला, वडिलांनी पाहुणे-रावळे बोलावलेले, बहिणीच्या सासरची माणसं पहिल्या रांगेत. अकरा मिनिटं झुंजलो. बाराव्या मिनिटाला घिस्सा हा डाव लागला आणि पाठ मातीला टेकली. हलगीवाला आमच्याच आळीतला. त्याची हलगी थांबली नाही, तीच हलगी आता त्या सोलापूरवाल्यासाठी वाजायला लागली. तो आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर मी काय काय म्हणालो! घामानं अंगारा पुसला गेला. फडात उतरताना डावं पाऊल पडलं. माती जास्त ओली होती. आणि शेवटी, देवानं माझं ऐकलं नाही. दोन वर्षं मारुतीच्या पाराकडं फिरकलो नाही. त्या दोन वर्षांत मी आणखी तीन मोठ्या कुस्त्या हरलो. तिन्ही घिश्यावर.

आमचे वस्ताद मुसलमान होते. मातीला कपाळ लावून "या अली" म्हणत हौद्यात उतरायचे, आणि शनिवारी मारुतीपुढं नारळ फुटला की खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर जायचा. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा हरून आलो तेव्हा त्यांनी मला विहिरीवर बसवलं. म्हणाले, "तुझ्या मारुतीनं तुझं ऐकायचं, मग त्या पोराच्या मारुतीनं काय करायचं? त्याच्या घरी आई नाही का? तिनं अंगारा लावला नसेल का?" मी गप्प. मग म्हणाले, "मारुतीला मधे घेऊ नको. घिस्सा कसा लागला ते सांग." मला सांगता येईना. दोन वर्षं मी कुणा ना कुणावर चिडत होतो, पण घिस्सा बसला तेव्हा माझा डावा हात कुठं होता, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून तुला सांगतो, तुझे मित्र आणि तुझ्या तालमीतले एकमेकांच्या उलट बोलत नाहीत. दोघं एकच काम करतायत. "देव नसतो" म्हटलं की विषय मिटला, "देवाची मर्जी" म्हटलं तरी मिटला. तुझे ते शेवटचे 25 सेकंद दोन्हीकडं झाकलेलेच राहतात. देव आहे की नाही हे मला विचारू नकोस, मी कुस्तीचा माणूस आहे. मी मानतो, एवढंच. पण मानणारा माणूस हार कुठं ठेवतो, यावर मला बोलता येईल.

तुझं गाव कळंबकडचं, म्हणजे तेर काही लांब नाही. गोरोबाकाकांच्या त्या गोष्टीत तू लहानपणापासून वाढला असशील. संतमंडळी जमलेली. मुक्ताईनं गोरोबांचं थापटणं बघून विचारलं, हे कशाला? म्हणे मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे शांत बसले. नामदेव तेवढा चिडला. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. सगळ्यांच्या देखत. नरसीचा नामदेव, ज्याच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष विठोबानं खाल्ला, त्याला चारचौघांत कच्चं ठरवलं. यापेक्षा मोठी हार कुठली?

पुढचा भाग कीर्तनात पटकन उरकला जातो, मला तर तोच महत्त्वाचा वाटतो. नामदेव रडत पंढरपूरला विठोबाकडं गेला. तक्रार घेऊन गेला, तुझ्यासारखीच. विठोबानं त्याची पाठ थोपटली नाही, गोरोबांना चुकीचं ठरवलं नाही. त्यानं नामदेवाला औंढ्याला विसोबा खेचरांकडं पाठवलं, जा, गुरू कर. म्हणजे देवाकडं गाऱ्हाणं घेऊन गेला, तर देवानंच त्याला वस्तादाकडं धाडलं. आणि तिथं वस्ताद तरी कसा भेटला? पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! नामदेव भडकला, तर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. पहिला धडा तिथंच झाला. (आमच्या तालमीत ही गोष्ट सांगितली की पोरं वस्तादांच्या खाटेकडं बघून हसतात.)

आता तुझ्या 25 सेकंदांकडं येऊ.

तू लिहिलंयस, त्या वेळी मनात "मारुतीराया, एवढा वेळ सांभाळ" असं चाललं होतं आणि डोळा घड्याळावर होता. बाबा, डोळा घड्याळावर होता तर समोरच्याच्या पायाकडं कोण बघत होतं? तू प्रार्थना करत होतास यात काही चूक नाही. पण त्या प्रार्थनेत तू मागितलंस काय, तर वेळ जाऊ दे. कुस्ती करायची तू थांबवलीस आणि उरलेला वेळ देवाच्या अंगावर घातलास. समोरच्याला तर वेळ संपायच्या आत दोन गुण काढायचे होते. तो पुढं येणारच.

ही खोड तुझी एकट्याची नाही, आपल्या मातीची आहे. मातीत गुण नसतात, सहा मिनिटांची शिट्टी नसते. जोड तगडा असला की मागं सरायचं, फडभर फिरवायचं, दमवायचं, अगदीच नाही जमलं तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. मी स्वतः चाळीस चाळीस मिनिटं अशा कुस्त्या ओढल्यात. मातीत मागं सरणं हा डाव आहे. मॅटवर तीच चूक ठरते. गोल नऊ मीटर व्यासाचा, त्यातला कडेचा एक मीटर पट्टा वेगळ्या रंगाचा, तो पट्टा म्हणजे सूचना आहे की बाबा, कडा आली. बाहेर पाय पडला की समोरच्याला एक. पकड टाळत पळालास तर ताकीद, आणि वर समोरच्याला गुण. तू 4-2 ला मागं सरायला लागलास तो डोक्यात माती ठेवून.

खाशाबा जाधवांचं नाव सगळे घेतात ते 1952 च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकासाठी. मी पोरांना 1948 चं सांगतो. लंडनला ते सहावे आले. तोवर सगळी कुस्ती मातीतली, मॅटशी खरी ओळख तिथं झाली. मातीतला राजा माणूस, आणि पायाखालची जमीनच बदललेली. त्या सहाव्या नंबरानं त्यांना काय दाखवलं असेल, याचा विचार कर. चार वर्षांनी वजनगटही वरचा घेतला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. 1948 च्या हारीवर "देवाची मर्जी" असा शिक्का मारून ते गोळेश्वरला बसले असते तर?

आता वजन. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

65 चा पैलवान 69 वर चालतोय आणि पाच दिवसांत चार किलो उतरवतोय, म्हणजे ती चरबी नव्हे, बहुतेक पाणी आणि स्नायूंत साठवलेली साखर. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांइतकं पाणी कमी झालं तरी दम लवकर तुटतो. तुझ्या वजनाला ते सव्वा लिटरच्या आसपास येतं, आणि तू त्याच्या कितीतरी पुढं गेला होतास. त्यावर शनिवार, तोही निर्जळी. रविवारी सकाळी काट्यावर उतरलास, मग घाईघाईनं ग्लुकोजचं पाणी प्यायलास, दोन केळी खाल्लीस. पहिल्या तीन लढती अंगातल्या रगीवर निघाल्या. चौथी उपांत्य. "पाय जड झाले, का ते कळलं नाही," असं तू लिहितोस. मला कळलं. पळून खेळायचा निर्णय तुझ्या डोक्यानं घेतला असं तुला वाटतं, पण त्याआधी तो तुझ्या मांड्यांनी घेतलेला होता.

1997 मध्ये अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून घाम काढत होते. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडं अजून पोरं मे महिन्यात जर्किनवर जर्किन चढवून पळतात आणि वस्ताद कौतुकानं बघतात. पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगाट दुसऱ्या दिवशी सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम फेरीतून बाद झाली, हे तर तू टीव्हीवर बघितलंयस. वजनाशी जुगार खेळला की कधी काट्यावर हरतो, कधी मॅटवर. तू मॅटवर हरलास.

तुझं चालतं वजन 69 आहे ना? मग 70 चा गट आहे की. ऑलिम्पिकमध्ये नाही, हे मला ठाऊक आहे. तू वीस वर्षांचा आहेस, अंग अजून भरतंय, उद्या 74 ला जाशील. आज 70 ला पोटभर खाऊन खेळ. घरचे, गावचे म्हणतील "65 सोडला, भ्यायला." म्हणू देत. काट्यावर ते उभे राहत नाहीत.

आणि शनिवार? उपास मोड असं मी म्हणत नाही. मीही धरतो. पण मारुतीनं निर्जळी मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही, ते तुझं तूच वाढवलंस. स्पर्धेच्या आदल्या शनिवारी उपासाचंच खा: भगर, रताळी, केळी, खजूर, दूध, ताक. यापेक्षा चांगला पैलवानी खुराक कुठल्या महागड्या डब्यात मिळतो ते मला दाखव. साबुदाण्याची खिचडी मात्र तुपात पोहणारी नको. पाणी दिवसभर. आईला आधी सांग, नाहीतर तिला वाटेल पोराची श्रद्धा उडाली.

सरावाचं थोडक्यात सांगतो. व्हिडिओ आज बघू नकोस. चार दिवस खा, झोप, शेतात जा. पाचव्या दिवशी बघ, आवाज बंद करून. आवाज चालू असला की तुला लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो आणि लाजेनं मान खाली जाते, पाय दिसत नाहीत. तीनदा बघ: एकदा फक्त तुझे पाय, एकदा फक्त त्याचे, एकदा दोघांची डोकी. वहीत लिही. "आठ सेकंद. माझा उजवा पाय पुढं, डोकं त्याच्या डोक्याच्या वर, कंबर ताठ." असं. "नशीब खराब" असं वहीत लिहायचं नाही. ते वाक्य लिहावंसं वाटलं तर वही मिटून फिरून ये.

तुमच्या तालमीत मॅट नाही म्हणतोस. साडेचार मीटरची दोरी घे, मधे खुंटी ठोक, फक्कीनं गोल मार. मग साडेतीन मीटरचा दुसरा गोल आत. झाली तुझी मॅट, कडेच्या पट्ट्यासकट. रोज तालमीच्या शेवटी, अंग थकलेलं असताना, जोडीदाराला सांग: मी 4-2 ने पुढं, तीस सेकंद उरले, मी कडेच्या पट्ट्यात उभा. शिट्टी. दिवसाला दहा वेळा. नियम एकच, मागं सरायचं नाही. डोक्याला डोकं लावून हात बांधून पुढं ढकलत मधे यायचं. पट आला की पाय मागं फेकून कंबर त्याच्या मानेवर टाकायची. आणि पहिल्या दहा सेकंदांत पट तू स्वतः मारायचास, लागो न लागो. पुढं असलेला पैलवान हल्ला करतो तेव्हा समोरच्याला ते परवडत नाही, त्याचा वेळ तिथं जातो. सुरुवातीला दहातल्या सहा वेळा हरशील. सहा आठवड्यांनी वहीतला आकडा बघ.

स्तोत्र सोडू नकोस. फक्त त्याची जागा बदल. दोन फेऱ्यांच्या मधे तीस सेकंद मिळतात, तिथं दोन चरण म्हण, श्वास लांब सोडत. त्यानं छातीची धडधड खाली येते, हे मी स्वतःवर आणि पोरांवर पुष्कळदा बघितलंय. शिट्टी वाजली की देवाला कोपऱ्यात बसव आणि डोळा समोरच्याच्या कंबरेवर ठेव. समर्थांचा जन्म आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचा. गावोगाव मारुती बसवले ते बलोपासनेसाठी, म्हणजे पोरांनी तिथं जोर-बैठका काढाव्यात म्हणून. मूर्तीपुढं नुसतं हात जोडून उभं राहणं हे अर्धंच काम झालं.

मग श्रद्धा कशाला, असं तू म्हणशील. सांगतो.

मी ती जत्रेतली कुस्ती हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आई तुळजापूरला निघाली. नवस होता, पोरगं जिंकलं तर ओटी भरीन. मी खाटेवरून ओरडलो, "कशाला जातीस? हरलो की मी!" ती पिशवीत खण-नारळ भरत होती. म्हणाली, "हातपाय धड घेऊन आलास ना." आणि गेली. एसटीला उभ्यानं. मला तेव्हा तिचा राग आला, वाटलं हिला कुस्तीतलं काही कळत नाही. नवस म्हणजे माझ्या लेखी सौदा होता, तू इतकं दे मी इतकं देतो. तिच्या लेखी तो सौदा नव्हताच. तुझ्या आईनं नवस बोललाय, आणि आता ती विचारतेय फेडू का नको. जाऊ दे तिला. जमलं तर तूही जा. हरलेलं तोंड घेऊन उभं राहायला माणसाला एक जागा लागते, जिथं कुणी "काय झालं रे?" म्हणून विचारत नाही. गावातल्या पारावर तसं होणार नाही. तिथं "एवढी वर्षं तालीम करून काय दिवे लावले" हे ऐकावंच लागेल. मला ती जागा दोन वर्षं नव्हती, कारण मीच तिकडं पाठ फिरवली होती, आणि त्या दोन वर्षांत मी नुसता कुढत राहिलो. श्रद्धेनं मला कुस्ती जिंकून दिली नाही. पुढं ती परत आल्यावर, हरलो की दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला परत हौद्यात उतरवलं, एवढं केलं.

राहुल आवारे आपल्या बीडच्या पाटोद्याचा. लंडन झालं, रिओ झालं, दोन्ही ऑलिम्पिक हुकली. त्याला घडवणारे वस्ताद रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार, लातूर जिल्ह्यातले, 2011 मध्ये गेले. पुढं काका पवारांनी त्याला सांभाळलं, तेही लातूरचेच. 2018 ला गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं आणि त्यानं ते बिराजदार आण्णांच्या नावानं वाहिलं. पण मला त्याची 2019 ची जागतिक स्पर्धा जास्त आवडते. कझाकस्तानातल्या नूर-सुलतानला 61 किलोत उपांत्य फेरीत जॉर्जियाच्या लोमताद्झेकडून 6-10 ने हरला. तुझ्यासारखीच उपांत्य. जगज्जेतेपद हातातून गेलेलं. आणि दुसऱ्या दिवशी परत काट्यावर उभं राहून अमेरिकेच्या टायलर ग्राफला 11-4 ने मारून कांस्य आणलं. त्या एका रात्रीत त्याच्या मनात काय चाललं असेल ते त्यालाच ठाऊक. एवढं खरं की रात्रभर देवाशी भांडत बसलेला पैलवान सकाळी 11 गुण काढत नाही. आणि बघ, 61 हाही ऑलिम्पिकबाहेरचाच गट. कुणी त्या पदकाला कमी म्हटलं नाही.

अविनाश साबळेचं उदाहरण सगळे देतात म्हणून मी टाळणार होतो, पण एक गोष्ट सांगतोच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा टोकियो ऑलिम्पिकला 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 8 मिनिटं 18.12 सेकंदांत पळाला. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. तरी अंतिम फेरीत गेला नाही. तोवरच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली शर्यत आणि निकाल 'बाद'. 2023 ला ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच बाहेर, आणि साधारण दीड महिन्यानं हांगझोऊला आशियाई सुवर्ण. निकाल आणि तुझी तयारी या दोन वेगवेगळ्या वह्या आहेत. टोकियोच्या दिवशी त्याची एक वही लाल होती, दुसरी हिरवी. तुझ्या बाबतीत खरं सांगू का, दोन्ही लाल आहेत. वजनाची तयारी चुकली आणि निकालही गेला. म्हणून दुखतंय ते बरोबर दुखतंय. पण पहिल्या तीन लढती तू जिंकल्यास, आणि चौथीत साडेपाच मिनिटं पुढं होतास, तेही अर्ध्या अंगानं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, आकडे तसे आहेत.

परत मॅटवर उतरायचं का, याचं उत्तर आज देऊ नकोस. सहा आठवडे फक्कीच्या गोलात घाम गाळ, मग ठरव. सोडायचं असेल तर तेव्हा सोड, शिव्या देत सोडू नकोस. मात्र एक बारीक लक्ष ठेव. दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यातच अर्थ नाही असं वाटतं, असं झालं तर वस्तादांची वाट बघू नकोस. घरी बोल, डॉक्टरकडं जा. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. पैलवानानं असं बोलायचं नसतं हे आमच्या पिढीचं खूळ, त्यानं आमच्यातले काही चांगले गडी खाल्ले.

शेवटची गोष्ट, तू पत्रात तिच्यावर सगळ्यात कमी लिहिलंस आणि सगळ्यात जास्त कडवट लिहिलंस. चॅलेंज टाकणारा तुझा चुलतभाऊ. "त्यानं टाकलं नसतं तर 4-5 तरी राहिलं असतं." 4-5 आणि 4-6 मध्ये काय फरक आहे, सांग बरं? हारच ती. तेव्हा दोन सेकंद उरले होते, त्याला वाटलं भावाचा गुण चोरीला जातोय, त्यानं हातातलं भिरकावलं. मीही तेच केलं असतं. तू त्याच्याशी आठ दिवस बोलला नाहीस म्हणतोस. त्यालाही झोप लागत नसेल. आज संध्याकाळी त्याच्याकडं जा, चहा पी, आणि फक्की आणायला त्यालाच पाठव. तीस सेकंदांची शिट्टीही त्याच्याच हातात दे.